उन्हात बसलेली म्हातारी

नांदुऱ्याच्या बाजारातल्या निम्म्या पाट्या उकंडरावाच्या हातच्या होत्या. पिवळं जाड अक्षर आणि प्रत्येक अक्षराच्या उजव्या अंगाला काळी सावली. त्या सावलीमुळे अक्षर पत्र्यावरून उचलून खिशात घालावंसं वाटे.

चाळिशी उलटल्यावर त्याला तैलचित्राचं वेड लागलं. महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली होती. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या नारायणराव मास्तरांनी त्याला एक छापील चित्र दिलं. गावातली गल्ली, उजवीकडून उतरतं ऊन, चुन्याच्या भिंती, रस्त्यात बैल. एका भिंतीच्या आडोशाला ओट्यावर बसलेली म्हातारी.

"याची नक्कल करा. जमली तर एक मे रोजी, महाराष्ट्र दिनाला, वाचनालयात टांगू."

उकंडरावानं हे चहाच्या टपरीपासून कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकापर्यंत सांगून टाकलं. आता माघार नव्हती.

पाटीचा रंग सकाळी लावला की संध्याकाळी वाळे. हा तेलरंग आठ आठ दिवस ओला राही, पुन्हा पुन्हा बोलू देई. उकंडराव तीन आठवडे त्याच्याशी बोलत बसला. चित्र पुरं झालं त्या दिवशी बायको बनाबाई भाजी विकून आली. टोपली उतरवून तिनं पाहिलं.

"म्हातारी उन्हात काऊन बसली?"

"सावलीत हाय ते."

"कोठी सावली? ऊन उजव्या हाताले, अन् सावलीबी उजव्याच हाताले. बैलाचीबी तशीच. तुमी गाव काढलं का पाटी?"

उकंडरावानं छापील चित्र शेजारी धरलं. त्यातल्या सावल्या डावीकडे पडल्या होत्या. त्याच्या हातानं मात्र डोळ्यांना न विचारता, वीस वर्षांच्या सवयीनं, माणसाला, बैलाला, भिंतीला, सगळ्यांनाच उजवीकडे काळी पट्टी मारली होती. तो हाताला शिव्या देऊ लागला.

"हाताले काय बोलता. उद्या माह्यासंग बाजारात बसा."

तो बसला. सकाळी बनाबाईचं भाजी मांडलेलं पोतं कडुलिंबाखाली होतं. सावली सरकली तशी वर न पाहता तिनं पोतं ओढलं. दुपारपर्यंत चारदा ओढलं. समोरचे धान्याचे व्यापारी पंजाबराव गादीवरून म्हणाले, "काय पेंटर, वांगे विकून राह्यले का?"

"सावली पाहून राह्यलो."

"पाहा, पाहा. फुकट हाय."

चारच्या सुमाराला त्याला दिसलं. भिंतीवरची सावली निळसर होती, पोत्यावरची जांभळट, वांग्यांच्या खाली तिच्यात मातीचा लाल होता. काळी कुठंच नव्हती.

घरी जाऊन त्यानं सुरीनं सगळा काळा रंग खरवडला आणि उरलेल्या दिवसांत फक्त सावल्या रंगवल्या.

तीस एप्रिलला मास्तर आले. छापील चित्र शेजारी धरून पाहू लागले. बनाबाई दाराची चौकट धरून उभी.

"छापील चित्रातल्या सावल्या लांब आहेत. तुमच्या आखूड."

"तेथी सहा वाजले हायेत, मास्तर. मले चारचीच सावली भेटली."

"म्हणजे नक्कल चुकली."

"हाव." ज्याला सांगून ठेवलं होतं तो अख्खा बाजार उकंडरावाच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

मास्तरांनी म्हातारीजवळ बोट नेलं आणि मागे घेतलं. "पण हिला गार वाटतंय. धरा त्या बाजूनं. ओलं आहे, अंगाला लागू देऊ नका."

दोघांनी चित्र उभं धरून भर बाजारातून वाचनालयाकडे नेलं. पुढे बनाबाई. "सरका हो, रंग लागंल." लोक सरकत होते आणि मान वळवून बघत होते.

"कोन्तं गाव हाय बे हे, उकंड्या?" कुणीतरी विचारलं.

त्याला थांबता येत नव्हतं. "वाचनालयात ये उद्या. तेथी सांगतो."