दिवस बुडायच्या आतलं पाणी

हिरोशिमाचा एकपात्री प्रयोग मी निपाणीजवळच्या त्या गावात शेवटचाच करणार होते. बेळगावात दोन झाले. दोन्हीकडं लोकांनी गप बसून ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि चहाचं विचारलं. ओळखीच्या एका गृहस्थांनी तर तोंडावर विचारलं, जपानचं दुःख इतक्या लांबून कशाला उचलून आणलंय? अंगाचा तिळपापड झाला माझा. पण घरी आल्यावर वाटलं, खरंच की, कुणासाठी करतेय मी हे? नंदगडहून बोलावणं आलं होतं. त्यांना नाही म्हणून कळवायचं, असं ठरवूनच मी निपाणीच्या बसमध्ये बसले.

गाव बहुतेक जैनांचं. तिथल्या बायका दिवस बुडायच्या आत जेवून घेतात, मग सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. म्हणून खेळ दुपारचाच ठेवलेला. पण माइकवाला आला आपल्या सवडीनं आणि सुरू व्हायलाच उशीर झाला. मी नुसती चरफडत होते. अगदी पुढं एक आज्जी बसल्या होत्या, मांडीशी तांब्या, त्याच्या तोंडावर पाणी गाळायचं फडकं. घरी पोचेपर्यंत दिवस बुडेल, म्हणून आजचं शेवटचं पाणी बरोबरच आणलंय, असं त्या शेजारणीला सांगत होत्या, अर्धं कन्नडमध्ये, अर्धं मराठीत.

बॉम्बमधून वाचलेल्यांनी सांगून ठेवलेल्या हकिकतींवरून मी एक मुलगी उभी केली आहे. भाजलेली माणसं तिच्याकडं पाणी मागतात. भाजलेल्याला पाणी दिलं तर तो मरतो, असं मोठ्यांनी तिला बजावलेलं असतं. ती देत नाही. माणसं तशीच जातात, आणि म्हातारी होईपर्यंत तिच्या कानातून ते मागणं जात नाही.

मी जमिनीवर पडून भाजलेल्या बाईच्या आवाजात पाणी मागत होते. डोळे उघडले तर समोर तांब्या. आज्जी उठून आल्या होत्या. झाला सगळा रंगाचा बेरंग! खरं सांगते, रागच आला मला. खुणेनं त्यांना जागेवर बसायला सांगितलं, पण त्या हलेनात. मागणाऱ्यापुढं केलेलं पाणी मागं घ्यायची त्यांना सवयच नसावी. शेवटी मी दोन घोट घेतले. कुणी हसलं नाही.

पुढं ती मुलगी म्हातारी होऊन बोलते. मी म्हटलं, "त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं नाही."

आज्जी अजून माझ्या शेजारीच टेकलेल्या. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुझ्या वाटणीचं मी दिलं गं बाई. आता रडायचं न्हाय."

आजवर त्या जागी मी रडायचं सोंग करत होते. त्या दिवशी ढसाढसा रडले. समोर बायकांचे पदर डोळ्यांना लागले होते.

खेळ संपल्यावर भानावर आले. तांब्यात अजून पाणी होतं. घ्या की आज्जी, म्हणत मी तो पुढं केला. त्यांनी दाराबाहेर बघितलं. अंगणात दिवे लागले होते.

"माझं आता सकाळी," त्या म्हणाल्या. एवढ्या उकाड्यात अख्खी रात्र काढायची होती त्यांना, पण चेहऱ्यावर त्याचं काही नव्हतं. उलट मलाच विचारलं, पुढचा खेळ कुठं?

"नंदगडला," मी म्हणाले.