गेरूच्या मुठी

सुरतच्या उधन्यातल्या ज्या कारखान्यात वडील लूम चालवायचे, तो बंद पडला तेव्हा मी अकरावीत होते. डिंडोलीच्या एका खोलीत आम्ही सहा माणसं. वडील रोज डबा घेऊन कामाच्या शोधात निघत आणि संध्याकाळी नुसता डबा रिकामा करून येत. शेवटी शेजारच्या यमुनाआक्कानं हाक मारली, "भाऊ, मनी घोडी धरशी का वरातमा?" वडिलांनी घोडीचा लगाम धरला आणि आमची चूल पेटली. माझी कॉलेजची फीसुद्धा त्या घोडीनंच भरली, असं मी आजही सांगते. त्यात लाज कसली?

आक्का मूळची खानदेशातली. नवरा गेल्यावर त्याची वरातीची घोडी तिनं विकली नाही, स्वतः सांभाळली. घोडीचं नाव मैना. आक्काचा दिवस चहानं नाही, लिदीनं सुरू व्हायचा. पहाटे गोठ्यात जाऊन ती काठीनं लीद फोडून बघे आणि मगच चूल पेटवी. पोटाची ही चौकशी ती माणसांकडेही करी. माझ्या मामाला पहिल्याच भेटीत तिनं विचारलं होतं, "पाव्हणं, पोट साफ शे ना?" मामा दोन दिवस तिच्यासमोर आला नाही.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. लग्नसराई तोंडावर आली होती आणि गावाहून आणलेला ज्वारीचा कडबा संपत आला होता. आता मैनाला हिरव्या लसूणघासावर आणायचं होतं. सुरतेत त्याला रजको म्हणतात. आक्का दोन दिवस गावी गेली आणि जाताना मला बजावून गेली, "रजको एक मूठ. बाकी कडबाच."

मैना मला वाळल्यासारखी वाटली. हिरव्या चाऱ्यात जास्त कस असतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. संध्याकाळी वरात होती. सकाळी मी पूर्ण भारा तिच्यापुढे टाकला. तिनं तो मिटक्या मारत संपवला आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं.

दुपारी मैना पुढच्या पायानं जमीन उकरायला लागली. मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघे, बसे, उठे. अंगाला घाम. तेवढ्यात भुसावळच्या गाडीनं आक्का आली. डोक्यावरचं गाठोडं दारात टाकून तिनं घोडीच्या कुशीला कान लावला.

"पोटनी गिरणी बंद शे," ती म्हणाली. "काय खावाडं?"

"हिरवा घास. पुस्तकात लिहिलंय की..."

"पुस्तकले पोट नही ऱ्हास, व माय. घोडीले शे."

एवढंच. त्यापेक्षा तिनं एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. ही घोडी गेली तर दोन घरांच्या चुली विझणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

वडील जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आले. त्यांनी इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून तेलकट औषध सोडलं. "दाणा-चारा बंद. हळूहळू फिरवा आणि लिदीची वाट बघा." मग काय, सगळी चाळ एका घोडीच्या शेपटीकडे बघत बसली.

साडेचारला बँडवाले आले. मागोमाग स्कूटरवरून पर्वत पाटिया भागातले कापडवाले शेठ आणि मागे बसलेला त्यांचा मुलगा, नवरदेव. "घोडी वगर वरघोडो केम निकळे, बेन?" शेठ कडाडले; घोडीशिवाय वरात निघायची कशी, हा त्यांचा सवाल.

आक्कानं मैनाची जरीची झूल काढून त्यांच्याच स्कूटरवर घातली. हँडलला झेंडूच्या माळा बांधल्या. "हाई घोडी पोटदुखीवाली नही," म्हणाली. नवरदेवच आधी हसला.

आणि तेवढ्यात मैनानं शेपूट उचलली.

"गिरणी चालू झायी!" आक्का ओरडली. वडिलांनी टाळ्या पिटल्या, बायका लिदीभोवती नाचल्या. बँडवाल्यानं काय समजून कोण जाणे, जोरात पिपाणी फुंकली. उभ्या सुरतेत लिदीला बँड लागला तो तेवढाच.

"तो चालो, घोडी लई जाओ!" शेठ खुशीत म्हणाले.

"आते चालू झायी, शेठ. लगेच डबल पाळी लावू का?"

नवरदेव स्कूटरवरच गेला. आणि संसार उत्तम झाला, असं ऐकते.

पुढचे काही दिवस डॉक्टरांच्या सांगण्यानुसार मैना थोड्या कडब्यावरच राहिली. मग आक्कानं माझ्या हातात रजको दिला. "रोज एक मूठ वाढाव, तितलाच कडबा कमी कर. पोटले इचारीसन."

आक्काला वाचता येत नव्हतं. म्हणून मी गोठ्याच्या भिंतीवर गेरूनं मुठी काढल्या. पहिल्या ओळीत एक हिरवी, खाली दोन, मग तीन... गेरू लालच असतो, पण त्यांना आम्ही हिरव्याच म्हणायचो. रोज एक ओळ पुसायची. लीद सैल झाली तर ओळ न पुसता दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा. कॉलेजात शिकलेलं घराच्या कामी आलं ते पहिल्यांदा तिथे.

पदवीचा कागद मी आधी आक्काला दाखवला. तिनं तो उलटा धरून नीट बघितला. "आते तरी इचारीसन खावाडशी ना?"

आक्काला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मैनानंतर तिनं आणखी दोन घोड्या पाळल्या. त्या भिंतीवर दरवर्षी नव्या मुठी काढून चारा बदलला, पण पुन्हा एकीचंही पोट दुखलं नाही. आणि आमच्या घराण्यात मी पहिली पदवीधर झाले.