लायसनदार भाऊजी

साऱ्या भिलाईत कायद्यानं चालणारी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे आमचे भाऊजी. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, निगमचे, म्हणजे इथल्या महापालिकेचे, लायसनदार प्लंबर. त्यांना नुसतं प्लंबर म्हणून पाहा, दिवसभर बोलणार नाहीत. ‘पाना कोणाच्याही हातात असते,’ ते म्हणतात, ‘लायसन कोणापाशी आहे ते सांगा.’ हे लायसन त्यांनी फ्रेम करून देवघरात गणपतीच्या शेजारी टांगलं आहे. ताई रोज देवांना फुलं वाहते तेव्हा एक फूल त्या फ्रेमलाही वाहावं लागतं, नाहीतर भाऊजी चहाला शिवत नाहीत. लायसन रिन्यू करायचं असलं की डोक्यावरून अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून निगममध्ये जातात आणि येताना पेढे आणतात. एकदा शेजारीण पेढा खाऊन मीनूला, म्हणजे त्यांच्या मुलीला, ‘कितने परसेंट आए बेटा?’ म्हणून विचारून गेली.

आता मी स्टील प्लांटच्या नोकरीत, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये राहणारा. सख्खा मेहुणा प्लंबर असल्यावर आपल्या घरचा नळ कशाला गळेल, असं कोणालाही वाटेल. काय सांगू बाप्पा! आमच्या मोरीतला नळ एकदा आठवडाभर गळत होता आणि भाऊजी त्याच्यासमोर पाट मांडून चहा पीत बसले होते. पाना त्यांच्या पिशवीत, पिशवी त्यांच्या मांडीवर. मी म्हटलं, ‘भाऊजी, एक वॉशर तं बदलून द्या.’ तर माझ्याकडं असे पाहायला लागले की जणू मी त्यांना चोरी करायला सांगितलं. ‘साळेबुवा, हे क्वार्टर प्लांटचं, नळ प्लांटचा. माझं लायसन निगमचं. मी कावून हात लावू?’ माझी बायको आतून भांडी आपटायला लागली. भाऊजींनी शांतपणे बशी रिकामी केली, ती नळाखाली सरकवली आणि म्हणाले, ‘एवढंच माझ्या अधिकारात आहे.’ शेवटी प्लांटचा माणूस येऊन नळ नीट करून गेला, तेव्हा त्याचं काम पाहायला मात्र भाऊजी हजर होते.

नव्या नळजोडणीच्या अर्जावर लायसनवाल्याची सही लागते. भाऊजी ती सही करायच्या आधी घर पाहतात, आणि असं पाहतात की घरमालकाला वाटावं, सोयरीक जुळवायला आले. पाइप कुठून येतो, नालीपासून किती दूर जातो, टाकीला झाकण आहे का, सगळं वाकून वाकून बघणार. त्यांच्या मते माणसाची नियत त्याच्या मोरीत कळते. हे सगळं लोकांच्या घरात चालायचं तोवर आम्ही हसत होतो. पण मग खरंच सोयरीक जुळवायची वेळ आली, आणि आमचं हसू पळालं.

मीनूनं मुलगा स्वतःच पसंत केला होता. रसमड्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर, स्वभावानं गरीब, दिसायला गोरागोमटा. वडील रेल्वेतून रिटायर झालेले, आपलेच नागपूरकडचे. नाव ठेवायला जागा नव्हती. आम्ही घर पाहायला गेलो, चिवडा आला, रसगुल्ले आले, ताई मुलाच्या आईशी गोड गोड बोलत होती, आणि तेवढ्यात घराच्या मागून आवाज आला, घुर्रर्र. भाऊजींच्या हातातला रसगुल्ला तसाच राहिला.

‘टुल्लू पंप आहे का?’ त्यांनी विचारलं.

‘हौ!’ मुलाचे वडील मोठ्या अभिमानानं म्हणाले. ‘सिधा लाइनीवर लावला. नळ आले की बटन दाबा, टाकी फुल!’

ताईनं भाऊजींना चिमटा काढला, मी पायावर पाय दिला. पण ऐकतील तर ते भाऊजी कसले. ‘निगमच्या लाइनीवर पंप लावायची मनाई आहे,’ ते म्हणाले. ‘तुमी शेजाऱ्याच्या नळातलं पाणी ओढून राहिले. त्या पाण्यानं माझी पोरगी सैपाक नाई करनार.’

मुलाचे वडील उठून उभे राहिले. ‘पोरगी द्यायची नसंल तं सरळ सांगा ना. पंपाचं नाव कावून घेता?’ त्यांची बायको मात्र दारातून हळूच म्हणाली, ‘पाणी वर चढतच नाई, भाऊ. पंप नसला तं या गुडघ्यांनी मी बालट्या वाहू का?’ भाऊजींनी तिच्या गुडघ्यांकडं पाहिलं आणि हातातला रसगुल्ला बशीत परत ठेवला.

घरी आल्यावर मीनू एवढंच म्हणाली, ‘बाबा, तुमी त्या लायसनशीच माझं लग्न लावून द्या.’ आणि आत जाऊन रडली. एकुलती एक पोर. भाऊजी जेवले नाहीत. मला त्या दिवशी त्यांचा असा संताप आला होता की फ्रेम खाली आपटावी.

सकाळी ताईचा फोन, ‘अरे, हे टेप घेऊन तिकडं गेले. तू धाव!’ मी पोचलो तर भाऊजी मुलाच्या अंगणात उकिडवे बसून माप घेत होते आणि मुलाचे वडील बनियनवर, हाताची घडी घालून, तोंड फुगवून उभे. ‘जमिनीत टाकी बांधू,’ भाऊजी सांगत होते. ‘निगमचं पाणी आपल्या चालीनं टाकीत येते. मग टाकीतून पंपानं वर चढवा, कोणाची ना नाई. अर्ज तुमचा, सही माझी, मेहनत माझी.’ मुलाच्या आईनं चहा आणून मधे ठेवला. ‘बिना बालटीचं पाणी चढते ना? मग खोदा,’ ती म्हणाली, आणि विषय संपला.

मंजुरीचा कागद येईपर्यंत भाऊजींनी साखरपुड्याची तारीखही काढू दिली नाही. पण टाकी पूर्ण झाली तेव्हा व्याही त्यांना हातात पाना देत होते, वाल्व्ह उघडझाप करत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, ‘अपना कनेक्शन एक नंबर का है.’ लग्न धुमधडाक्यात झालं.

आमच्याकडं एक जुनी चाल आहे. लेकीच्या कडेवर लेकरू येईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. आजकाल कोण पाळतो? भाऊजी पाळतात. नियम म्हटला की त्यांना पुरे. रविवारी स्कूटरवरून जायचे, टाकीचं झाकण उघडून पाहायचे, ओट्यावर बसायचे आणि तहान लागली की आपल्या पिशवीतली बाटली काढायचे. मीनू दर वेळी भरला पेला घेऊन दारात यायची आणि तसाच परत न्यायची. मला ते बघवत नसे.

परवा मी त्यांच्यासोबत होतो. मीनू रिकाम्या हातानं बाहेर आली, पदर खोचलेला, अगदी कामाच्या आवाजात म्हणाली, ‘बाबा, दोन दिवस झाले, पाण्याची चव बदलून राहिली. लाइन तुमी टाकली. तुमीच तपासा.’

भाऊजींनी तिच्याकडं पाहिलं. मग पिशवी खाली ठेवून उठले, नळ उघडला, ओंजळ धरली आणि प्याले. पुन्हा ओंजळ धरली. पुन्हा. मीनू नळाशी उभी राहून बापाला पाणी पिताना पाहत होती.

‘बरोबर आहे पाणी,’ ते शेवटी म्हणाले आणि गमछ्यानं तोंड पुसायला लागले. किती वेळ पुसत होते.

‘पुढच्या रविवारी पुन्हा तपासून जा,’ मीनू म्हणाली.