कातळावरची तांबडी भाजी

माझे वडील हेदवीला वैद्यकी करत. पहाटे पडवीत घोंगडी अंथरून ते आसनं करायचे आणि मी, त्यांची एकुलती एक मुलगी, शेजारी बसून नक्कल करायची. नक्कल करता करता सगळं अंगवळणी पडलं. लग्न होऊन रत्नागिरीला आले तरी ती सवय सुटली नाही. घर जागं व्हायच्या आत सडासारवण उरकून, कासोटा घट्ट खोचून मी मागच्या पडवीत माझी आसनं करून घ्यायची. हे कचेरीत कारकून होते. त्यांना ठाऊक होतं, नि त्यांची हरकत नव्हती. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या मात्र म्हणाल्या, की सुनेनं डोकं खाली नि पाय वर करावे हे त्यांच्या घराण्यात कोणी ऐकलं नव्हतं.

सासूबाईंचे गुडघे तेव्हा फार दुखत. मांडी घालता येत नसे, देवापुढे पाय पसरून बसावं लागे आणि त्याचं त्यांना मनातून वाईट वाटे. मी रोज तेल चोळून हलक्या हातानं त्यांचे पाय वळवून घेऊ लागले. वर्षभरानं त्या मांडी घालून पूजेला बसल्या. कौतुक वगैरे काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघींना घेऊन आल्या नि मला म्हणाल्या, "यांचंही बघ गो जरा."

असा माझा वर्ग सुरू झाला. दुपारचं जेवण जिरलं की चारच्या पुढे आळीतल्या सात-आठ जणी पडवीत जमायच्या आणि दिवेलागणीला घरी जायच्या. मी शिकवायची ते साधंच होतं. ताठ उभं राहणं, भुजंगासन, पश्चिमोत्तान, शेवटी शवासन. पण चार आसनांत निम्म्या जणींना धाप लागे. कारण मला त्यांच्या पानात दिसे. गावात भाताची गिरणी आली होती आणि पांढराशुभ्र भात वाढणं प्रतिष्ठेचं झालं होतं. भात, आमटी, लोणचं, झालं जेवण. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू मिळे. तो सरला की पालेभाजी दृष्टीला पडत नसे. मी नाचणीची भाकरी खा, तांदूळ घरी कांडा, म्हणून मागे लागायची. त्या हसून ऐकून घ्यायच्या.

वर्गात समोरच्या घरची सून येत असे. पाचवा महिना होता. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. तिला मी फक्त भद्रासनात बसवून संथ श्वास घ्यायला लावायची. गणपती होऊन गेले असतील, एके दिवशी अंधारून आलं तशी बाकीच्या घोंगड्या गुंडाळून उठल्या. ही भिंतीला हात लावून बसून राहिली. मी चल म्हटलं तर उठली आणि समोर ठेवलेल्या पाण्याच्या कळशीवर पाय आपटून पडता पडता वाचली.

मी तिला जवळ बसवून विचारलं. ती म्हणाली, "वहिनी, तिन्हीसांज झाली की मला सगळं राखेसारखं दिसतं. मग काहीच दिसत नाही."

महिनाभर ती हे लपवत होती. संध्याकाळी चुलीपुढे हात भाजत, भांडी पडत, आणि तिच्या सासूला वाटे की ही कामाचा कंटाळा करते.

मी वडिलांना पत्र घातलं. आठवड्यानं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं, "डोळ्यांत काही घालू नका. औषध पोटात जायला हवं. रोज ओंजळभर शिजवलेली पालेभाजी, शेवग्याचा पाला, तांबडा भोपळा, वर खोबरं किंवा तूप. एक दिवसही चुकवू नका."

ते पत्र मी तिच्या सासूला वाचून दाखवलं. पदरानं तोंड पुसून ती एवढंच म्हणाली, "मी तिला कामचुकार म्हणत होते."

पण रोजची पालेभाजी आणायची कुठून? भाट्याहून एक बाई तरीतून खाडी ओलांडून टोपली घेऊन येई, तीही आठवड्यातून दोनदा. शेवगा आळीत कोणी लावत नसे, दारात शेवगा म्हणजे अवदसा अशी समजूत. भाट्याची बाई आमच्यासाठी शेवग्याचा पाला आणू लागली, आणि तिनंच सुचवलं की तांबडा माठ लावा, बी मी देते, पंचवीस दिवसांत खाल.

आळीच्या विहिरीजवळ देवळाच्या मालकीचा कातळाचा तुकडा होता. नुसता उघडा जांभा दगड. तो मागायला मी पंचांकडे माणूस पाठवला. पंचांतले वडीलधारे, पेन्शनीत निघालेले शिरस्तेदार, म्हणाले की कातळावर गवत उगवत नाही, भाजी कुठली उगवायची, आणि बायकांनी पडवीत हातपाय हलवले तेवढं पुरे झालं. निरोप ऐकून सासूबाई उठल्या. नेसतं लुगडं झटकलं नि स्वतः देवळात गेल्या. मी मागे होते.

"कातळच मागतोय," त्या म्हणाल्या, "देऊळ नाही मागत."

कातळ मिळाला.

मग महिनाभर वर्ग पडवीत भरलाच नाही. खालच्या मळ्याच्या बांधावरून माती आणायची. पाठ ताठ ठेवून गुडघ्यांतून बसायचं, टोपली उचलायची, श्वास सोडत उभं राहायचं. मी ओळीनं सगळ्यांना शिकवलं आणि कोणाचीही कंबर धरली नाही. पहिली टोपली त्या सुनेच्या सासूनं आणली. चुलीतली राख, शेणखत, पालापाचोळा, असे थर दिले. गुरं शिरू नयेत म्हणून सुटे दगड रचून आम्हीच गडगा घातला. विहिरीवर येणारी प्रत्येक बाई जाताना एक कळशी वाफ्यांवर रिती करी. कार्तिकात बी पेरलं. आठवड्यात काळ्या मातीवर तांबडे ठिपके दिसले. मी रोज सकाळी आसनं झाली की ते बघायला धावत जायची.

पहिली जुडी त्या सुनेच्या घरी गेली. पुढे रोज जात राहिली. मार्गशीर्षातली गोष्ट. वर्ग परत पडवीत भरत होता, उजेड सरला होता, मी दिवा लावायला उठले. ती समोर बसली होती. हळूच म्हणाली, "वहिनी, तुमच्या कानातली कुडी दिसते मला."

मी दिवा तसाच ठेवून तिच्याजवळ गेले. तिची सासू दारातच होती. तिनं आत येऊन सुनेच्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग पडवीतल्या सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या.

त्या संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही कातळावर केलं. वाण काय द्यायचं यावर सासूबाईंनी निकाल दिला, भाजीच लुटायची. माठ, मुळा, वांगी, वेलावरचे भोपळे. तिन्ही आळ्यांतल्या बायका आल्या. शिरस्तेदारांची बायको दोन जुड्या ओच्यात घेऊन, तिसरीही दे म्हणाली. नववा महिना लागलेली ती सून गडग्याशी बसून जुड्या बांधून देत होती. दिवस मावळला तरी तिचे हात थांबले नाहीत.

माघात तिला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. पुढच्या पावसाळ्यानंतर पलीकडच्या आळीतल्या बायकांनी पंचांकडे त्यांच्या बाजूचा कातळ मागितला, तेव्हा कोणी काही न विचारता तो मिळाला. मातीचे थर कसे द्यायचे ते दाखवायला मी आणि सासूबाई गेलो होतो. टोपली कशी उचलायची हे त्या बायकांना सासूबाईंनी स्वतः गुडघे वाकवून दाखवलं.