फरशीखालचं तळं

जरा निवांत बस गं, आणि हे पत्र शेवटपर्यंत वाच. तुला नेहमीचीच घाई. मागल्या खेपेला आलीस, चहा धड प्याली न्हाईस, आणि चपला घालता घालता सांगून गेलीस की तिकडं म्हणे मोठ्या शहरात तळ्याचं पाणी इमारतींतून फिरवतात, उन्हाळ्यात गारवा, थंडीत ऊब, आणि पाणी परत तळ्यात. वर मलाच विचारलंस, "आजी, नवल न्हाई वाटलं?" नवल कसलं बाई! मी ते कधीच बघितल्तं. थांबली असतीस तर सांगितलं असतं.

निजामाचं राज्य होतं तेव्हा. जालन्यात तळ्याकाठी एक दवाखाना होता. मुळात ती कुण्या जागीरदाराची उन्हाळ्यात राहायची हवेली. मोटेनं तळ्याचं पाणी वर ओढायचं, ते दगडी नालीतून फरशीखालून फिरायचं आणि पलीकडं घाटावर परत तळ्यात पडायचं. थंडीत ती फरशी पायाला बोचत न्हाई, असं तिथली माणसं सांगायची. मी गेल्ते ते ऐन वैशाखात. तुझ्या आजोबांना मुदतीचा ताप. बदनापूरहून रेल्वेनं आणलं तेव्हा अंग तव्यासारखं. डॉक्टर म्हणाले, "ताप डोक्यात चढू द्यायचा न्हाई, खोली थंड पाहिजे." त्या फरशीवर पाय टेकला, गारवा टाचेतून वर आला, तेव्हा कुठं मला श्वास घेता आला.

घाटाजवळ एक खोली भाड्यानं घेतल्ती. तिथं माझी सासू तुझ्या बापाला सांभाळायची. बाप तुझा तेव्हा नुकता उभा राहायला लागलेला. शेजारी एक खाला, म्हंजे मुसलमान मावशी, राहायच्या, लोकांचे कपडे धुऊन द्यायच्या.

एका दुपारी फरशी कोमट लागली. मी पाय उचलून परत टेकवला. कोमटच. बाहेर पाहते तर नाली तुंबलेली, पाणी अंगणात येऊन राह्यलेलं, आणि मोटकऱ्यानं बैल सोडून दिलेले. इकडं हे बरळायला लागले. मला ओळखेनात. बैलाला दटावावं तसं "हो, हो, माघारी फिर" म्हणायले.

तशीच घाटाकडं पळाले. गल्लीतल्या बायकांनी नालीच्या तोंडात चिंध्या, दगड, चिखल कोंबलेला. आणि लेकरू कडेवर घेऊन वरून पायानं चिखल दाबत होती कोण? माझी सासू!

"आत्याबाई, हे काय करून राह्यलात?"

"काय म्हंजे? आजाऱ्यांची घाण येती ह्यातून. गल्लीतल्या दोन लेकरांना हगवण लागली, दिसत न्हाई तुला? माझा नातू ह्यात घालू का?"

"तुमचा लेक तिकडं तापलाय! ह्याच पाण्यानं त्याची खोली गार राहती."

तिचा पाय तिथंच थांबला. बिचारी दवाखान्याच्या दारापुढं कधी गेलीच नव्हती. तिला वाटलं, ती न्हाणीची मोरी. मंग हळूच म्हणाली, "आन् लेकराला काही झालं तर?"

न्हाणीचं पाणी कुठं जातं हे मला तरी कुठं ठाऊक होतं! फरशीखाली दगड निखळून दोन्ही पाणी एक झालं असलं तर?

खाला कपडे आपटायच्या थांबल्या. "अगे, रोने कू बाद में बैठो. मेरे पास नीळ है. मैं उप्पर न्हाणी में डालती. यहां नीला आया तो बंद करो, नै आया तो चलने दो." आणि सासूला म्हणाल्या, "तुम पांव हटाओ अम्मा, बेटे का गला दबा रै तुम."

खाला नीळ घेऊन वर दवाखान्यात गेल्या. बायकांनी कुरकुरत नालीचं तोंड मोकळं केलं. मोटकऱ्यानं बैल जुंपले. मी पाण्यात उभी. निळं आलं तर हे गेले, आणि निळं असून मला दिसलं न्हाई तर लेकरू. कोणता देव आठवावा तेही सुचेना.

आणि भसकन काळं पाणी आलं. "आलं गं बाई, आलं!" सासू ओरडली. लेकरू भोकाड पसरून रडायला लागलं. मी ओंजळ भरली. बघते तर आपलाच चिखल, आपल्याच चिंध्या. मंग पाणी निवळत गेलं. मी पांढरं फडकं त्यात धरलं, पिळलं, परत धरलं. पांढरं ते पांढरंच.

तेवढ्यात मागल्या भिंतीवरून खालांची हाक आली, "इधर आया! पिछवाडे के गढे में! पूरा नीला!"

म्हंजे न्हाणीचं पाणी मागल्या खड्ड्यात जात होतं, नालीत न्हाई. बायका पांगल्या. तरी लेकराला मी वरच्या अंगाच्या विहिरीचंच पाणी पाजत राह्यले. मन एका फडक्यावर कुठं विसंबतं?

त्या दिवशी सासू पहिल्यांदा दवाखान्याच्या आत आली. खाटेशी उकिडवी बसून दोन्ही तळवे फरशीला लावले. "अजून गरमच हाय गं," असं किती वेळा म्हणाली. दिवेलागणीला तिनं एक तळवा उचलून माझ्या गालाला लावला, गार होता. ताप काही लगेच उतरला न्हाई, पुढं बरेच दिवस जीव टांगणीला होता. पण त्या संध्याकाळी ह्यांनी डोळे उघडले आणि नीट माझ्याकडं बघून विचारलं, "लेकरू जेवलं का?"

आता तेच आजोबा रोज ओट्यावर बसून मला विचारतात, "नात कधी येणार?" मी म्हणते, येत्या ऐतवारी. ते विसरतात म्हणून निभावून जातं, पण खोटं बोलून बोलून माझीच जीभ अडखळायली. लवकर ये बाई, आणि ह्या खेपेला मुक्कामाला ये.