दंडावरचा पट्टा

सांगलीच्या ज्या कॉलेजात मी वॉचमन आहे, तिथल्या प्राध्यापकांचा संप लांबला आणि पॅरामेडिकलची एक पोरगी रोज गेटवर येऊन माझ्या दंडाला बीपीचा पट्टा बांधू लागली. प्रॅक्टिकल तोंडावर आलं होतं आणि शिकवायला कोणी नव्हतं. नाव मी कधी विचारलं नाही. ती पलूसच्या एसटीनं यायची आणि फुगा दाबताना ओठ चावायची, एवढंच ठाऊक.

मी लातूरकडचा, सातवीत शाळा सोडलेला. परीक्षेची धास्ती अजून गेलेली नाही. पट्टा आवळला की मी श्वास धरून बसायचो.

"मामा, श्वास सोडा की. पेपर माझा हाय, तुमचा न्हाई."

आकडा रोज जास्तच यायचा. "माझंच चुकतंय बगा," ती रडवेली व्हायची. "तपासायला सर बी न्हाईत."

शेवटी मीच सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी हुबेहूब तिचाच आकडा सांगितला आणि गोळ्या लिहून दिल्या. घरापासून इतक्या लांब आजार निघाला, घाबरायला हवं होतं. मी मात्र ती घरी जायच्या आत तिला सांगायला पळत सुटलो, आणि डॉक्टर मागून ओरडत राहिले, "अहो, पळू नका."