कुंकवाचं पान

सकाळी मुक्ताचा फोन आला. "ताई, बाबा गेले." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "पुस्तक कुठंय?" ती म्हणाली, "त्यांच्या उशाशीच." म्हणजे ते परत करायचं राहिलंच...

ते पुस्तक म्हणजे एक जुनं पोलिश महाकाव्य. आत शिकारीची, मेजवान्यांची, तलवारी उपसलेल्या मिशाळ म्हाताऱ्यांची चित्रं. महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. तिथून निघताना हेलेना नावाच्या बाईनं ते दत्ताकाकांच्या, म्हणजे मुक्ताच्या बाबांच्या, आईकडे दिलं. "सांभाळा, न्यायला येईन." ती आलीच नाही. काका अमेरिकेत रेडमंडला, आमच्या शेजारी लेकीकडे राहायला आले ते पुस्तक हातातल्या पिशवीत घेऊन. त्यातलं अक्षर त्यांना कळत नसे, पण चित्रांवरून अख्खी गोष्ट सांगत, आणि दर वेळी वेगळी.

गेल्या हिवाळ्यात मुक्तानं शिकागोत हेलेनाची मुलगी आना शोधून काढली. ती पुस्तक न्यायला येणार म्हणून काकांनी नवा शर्ट घेतला. आदल्या दिवशी मुक्ता पुस्तक पुसायला बसली आणि तिचा चेहरा उतरला. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. आजीनं काढलेलं, नंतर दर दसऱ्याला काकांनी त्याच रेषांवर बोट फिरवलेलं. जन्मभर बघितलेलं ते चिन्ह तिनं पहिल्यांदाच आनाच्या नजरेनं बघितलं.

"बाबा, शी विल फ्रीक आउट. ते पान काढून टाकू या, प्लीज."

"दुसऱ्याच्या पुस्तकाचं पान फाडायचं? आणि आईचं बोट आहे ते."

आना आली. काकांनी लपवाछपवी न करता तेच पान आधी उघडलं. तिनं झटकन हात मागे घेतला. मी चहाचा ट्रे धरून तशीच उभी, खाली ठेवायचंही सुचेना. काका मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "तुमच्या आईनं सांभाळा म्हटलं. आमच्यात सांभाळायचं म्हणजे पूजा करायची."

"माझ्या मामाला ज्यांनी मारलं, त्यांच्या बाहीवर हेच होतं," आना म्हणाली. "मी हे घरात नाही ठेवू शकत." कोट घालून ती निघून गेली. मला तिचा राग आला, आणि तिचं काही चुकलं नव्हतं याचा त्याहून जास्त. काकांनी त्यानंतर पुस्तक देवघरातल्या पाटावरून उशाशी आणून ठेवलं, आणि ते गोष्ट सांगेनासे झाले. "तिची वस्तू तिला देता आली नाही," एवढंच म्हणत.

काका गेल्याचं मुक्तानं तिला कळवलं. काही दिवसांनी आना पुन्हा दारात उभी. तिनं पुस्तक मागितलं, पहिलं पान उघडलं, बराच वेळ बघितलं... आणि मिटलं. मुक्तानं ते काकांच्या उपरण्यात गुंडाळून दिलं. गाडीपाशी आना वळली. "ती पूजा कधी असते?"

"ऑक्टोबरात," मुक्ता म्हणाली. "मी फोन करीन."

"ते चिन्ह मला काढता येणार नाही. फूल ठेवीन."

देवघरातल्या पाटावर आता पुस्तकाएवढी जागा रिकामी आहे. तिच्या कडेनं कुंकू सांडलेलं आहे. मुक्ता रोज देव पुसते, तेवढी जागा सोडून.